कजाचं ऊन

त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला होता. दिवस लहान, तहान कमी, त्यामुळे रोजे हलके गेले. ईदच्या आदल्या संध्याकाळी खंडाळ्याच्या रेल्वे चाळीतली मुसलमानांची चार घरं मागच्या टेकाडावर चढली. तिथून पश्चिमेला घाटाची कड तुटायची आणि खाली सगळी कोकणपट्टी उघडी पडायची. चंद्र आधी बघायचा मान राजमहंमदचा. तो स्टेशनात सांधेवाला होता. येणारी गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडचा सांधा ओढायचा, उजेडात झेंडी आणि अंधार पडला की हातबत्ती दाखवायची, हे त्याचं काम. नजरेवर पोट. चाळीत थट्टेनं म्हणत, खाली खोपोलीच्या बाजारात कोण कोंबडी घेऊन उभं आहे ते राजूभाई इथून सांगेल.

त्या संध्याकाळी चंद्र आधी पोरांना दिसला, मग बायकांना. राजमहंमद कपाळाला हात लावून अजून शोधत होता. सगळ्यांचे हात दुवेसाठी वर गेले तसा तो घाईनं म्हणाला, "दिसला, दिसला. त्या सुळक्याच्या डाव्या अंगाला."

चंद्र उजवीकडे होता, चांगला वर.

"लेका राजू, तो ढग हाय," स्टेशनाचा म्हातारा भिस्ती म्हणाला, आणि सगळे हसले. राजमहंमदही हसला. बायकांच्या घोळक्यातून त्याची बायको अजीजुन्निसा बघत होती. ती हसली नाही. नवरा जिथं चंद्र नव्हता तिकडे तोंड करून दुवा मागत होता, आणि हात खाली घेताना त्यानं इकडेतिकडे पाहिलं ते चोरानं पाहावं तसं.

तिनं विचारलं नाही. ईद झाली. बायकांच्या अडचणीत तिचे काही रोजे सुटले होते, ते ती आता कजा म्हणून धरत होती. सुटलेला रोजा देवाच्या दारी उधार राहतो, नंतर एकेक करून फेडायचा असतो. अशाच एका कजाच्या दिवशी सूर्य बुडाला, तिनं खजूर तोंडात टाकला, आणि शेजारी चुलीपाशी बसलेला राजमहंमद निखाऱ्यांकडे बघत म्हणाला, "लांबचं पुसट झालंय. सिग्नलचा हात वर हाय का खाली, कळत न्हाई."

"कवापासनं?"

"गेल्या आवणीपासनं आसंल."

"मग गाड्या कशा घेता?"

"हौशीराम खोकतो," तो म्हणाला.

हौशीराम त्याच्या पाळीतला दुसरा सांधेवाला. सिग्नलचा हात खाली आला की तो एकदा खोकायचा. त्या खोकल्यावर राजमहंमद सांधा ओढत होता. सुरुवातीला ही मैत्री होती. पुढे हौशीराम सांगू लागला की राजू, माझ्या बत्तीची काजळी पण पूस. मग त्याच्या घरचं पाणी आलं, मग कोळशाची पाटी. हौशीरामची बायको रतनबाई मनानं वाईट नव्हती, पण राजमहंमद पाण्याची कावड घेऊन दारात आला की तीही आतूनच म्हणायची, रांजण भरून घ्या हं भाऊ, कालचा उणा होता. अजीजा हे खिडकीतून बघायची. आपला नवरा नजर उसनी घेतो आणि तिचं भाडं पाण्यानं भरतो, हे तिला कळत होतं.

डोळ्यांची तपासणी दर काही वर्षांनी व्हायची. यंदा राजमहंमदची पाळी दसऱ्यानंतर होती. सांधेवाल्याला चष्मा चालत नसे. पावसात काच भिजली, धुक्यानं माखली, तर माणूस गाडी घेणार कशी? नापास झाला की सांधा गेला, आणि सांध्याबरोबर चाळीतली खोली गेली. मग मळवलीजवळ पाटणला भावाच्या दारात जायचं. भाऊ नसीर तिथली भाताची खाचरं एकटा करत होता. राजमहंमद रेल्वेत लागला तेव्हा नसीरनं स्पष्ट सांगितलं होतं की तू पगार खा, मी जमीन खातो, पुन्हा वाटा मागू नको. राजमहंमद तेव्हा खुशीनं हो म्हणाला होता. रेल्वेची टोपी डोक्यावर होती, खाचरातला चिखल कुणाला हवा होता?

अजीजा कामाला लागली. कुणी सांगितलं ते तिनं केलं. सुरमा घातला. शेवग्याच्या पाल्याचा रस पाजला. रतनबाईकडून काशाची वाटी मागून आणली आणि रोज जेवणं उरकली की नवऱ्याचे तळपाय मांडीवर घेऊन तूप लावून घासायला बसली. वाटी काळी होईपर्यंत घासायची; तळपायांतून डोळ्यांतली उष्णता उतरते म्हणत. सांधे ओढून-ओढून त्याच्या पायांना दगडासारखे घट्टे पडले होते. तिचा खांदा भरून यायचा. वाटी काळी व्हायची. सिग्नलचा हात पुसट तो पुसटच.

लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला तिनं शेजारणीचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, लांबचं कमी झालं असेल तर चष्मा, दुसरं काय? ती घाईनं उठून आली.

उन्हाळा लागला तशी मुंबईची बंगलेवाली माणसं वर आली. चाळीमागे अजीजाच्या कोंबड्या होत्या. टोपलीत भुसा घालून ती अंडी बंगल्यांवर नेऊन द्यायची. घाटाच्या कडेला एका पारशी बाईसाहेबांचा बंगला होता. एका सकाळी अजीजा गेली तर बाईसाहेब व्हरांड्यात खुर्चीवर, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसलेल्या. अजीजाला वाटलं, घरात कुणी गेलं. ती टोपली धरून तशीच उभी राहिली.

"मी रडत नाय," बाईसाहेब हात न काढता म्हणाल्या. "डोळ्याला आराम देते."

मग त्यांनी हात काढले आणि सगळं सांगितलं. लहानपणापासून त्यांना चष्मा होता. विलायतेहून एक पुस्तक आलं. त्यात लिहिलं होतं, चष्मा म्हणजे लंगड्याची काठी. काठी घेतली की पाय अजून लंगडा. तेव्हा त्यांनी चष्मा उचलला आणि बंगल्याच्या बावडीत फेकला. आता त्या कड्यावरची झाडं मोजतात. ना चष्मा, ना कापाकापी.

अजीजानं टोपली खाली ठेवली. "बाईसाहेब, माझ्या मालकांना सांगाल काय?"

बाईसाहेबांचं मन मोठं होतं आणि त्यांना कुणी विचारलं की त्या खुलायच्या. तिला व्हरांड्यात उभं करून त्यांनी एकेक शिकवलं. तळहात डोळ्यांवर धरून काळोख बघायचा. बांबू वाऱ्यावर डुलतो तसं डुलायचं. आधी अंगठा बघायचा, मग लांबचा कडा. आणि शेवटी ऊन.

"सकाळचा कवळा सूरज. डोळा बंद. बंद डोळ्यावर ऊन घ्यायचा, मुंडी अशी हलवायची. थोडा वेळ. रोज. समजला?"

"समजलं," अजीजा म्हणाली. घरी येईपर्यंत ती शाळेतल्या पोरीसारखी सगळं घोकत होती.

राजमहंमद आधी चिडला. मग रोज सकाळी पाळी सुटली की चाळीमागे उगवतीला तोंड करून डोळे मिटून उभा राहू लागला. एवढा दांडगा माणूस डुलताना बघून पोरं मागे उभी राहून डुलत. रतनबाई म्हणाली, "भाभी, तुमचं मालक सूर्यनारायणाला पुजाया लागलं का? मग आमी काय करायचं?" भिस्ती थट्टा करत नसे. त्यानं राजमहंमदला बाजूला घेऊन विचारलं की नमाजाला तोंड मावळतीला, आणि तुझं उगवतीला, हे काय चाललंय?  दुसऱ्या दिवसापासून राजमहंमद स्टेशनाच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊ लागला, जिथं कुणी बघत नसे.

पण काही झालं खरं. समोरच्या कड्यावर धनगराची शेरडं चरायची. अजीजा विचारायची, किती दिसतात? पहिल्यांदा तो म्हणाला, शेरडं कुठायत? मग म्हणाला, काहीतरी हलतंय. आणि एका सकाळी म्हणाला, "चार. एक पांढऱ्या पोटाची." शेरडं जास्त होती, पण पांढऱ्या पोटाची खरंच होती. अजीजानं पदराआड तोंड लपवलं. त्या दिवशी तिनं वाटी घासताना त्याला विचारलं की पाणी कधी बंद करायचं हौशीरामचं? तो म्हणाला, तपासणी पास होऊ दे, त्याच कावडीनं त्याला मारतो. दोघं खूप दिवसांनी हसली.

मिरगाच्या आधी बाईसाहेब मुंबईला गेल्या. बंगल्याला कुलपं लागली. जाताना म्हणाल्या, दिवाळीला येते, तेव्हा तुझ्या नवऱ्याला घेऊन ये, मला बघायचाय.

मग पाऊस लागला.

खंडाळ्याचा पाऊस वरून पडत नाही, तो माणसाभोवती राहतो. खालून घाटातून धुकं चढतं आणि घरात शिरतं. भिंतींना शेवाळ धरतं, मीठ वाहतं, काडी पेटत नाही, अंगावरचं धडुतं चुलीवर धरलं तरी दमटच. सूर्य आहे की नाही हे कोंबड्यांनासुद्धा कळत नाही. कोंबडे भलत्याच वेळी आरवतात.

राजमहंमदला त्या धुक्यानं दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे त्या दिवसांत सगळेच त्याच्यासारखे झाले. सिग्नलचा हात कुणालाच दिसत नव्हता. रुळांवर फटाके लावायचे, त्यांच्या आवाजावर ड्रायव्हर गाडी आवरायचा. हौशीराम खोकला तरी त्यालाही काही दिसत नव्हतं, नुसता ओल्या हवेचा खोकला. राजमहंमद त्या दिवसांत ताठ चालायचा. दुसरी गोष्ट ही, की ऊन गेलं. तो टाकीमागे जाऊन डोळे मिटून तोंड वर करून उभा राहायचा, आणि पापण्यांवर पाऊस पडायचा.

"तळहात तर चालूच हायेत," अजीजा म्हणायची.

"ऊन हेच खरं औषध हाय. बाकीचं नुसतं पथ्य."

आवणीला, म्हणजे भात लावायला, रजा काढून दोघं पाटणला गेली. दरवर्षी जात. नसीरच्या खाचरात पोटरीभर चिखलात वाकून रोपं लावायची, पाठीवर इरलं, तोंडावर पाण्याची धार. राजमहंमदला जवळचं दिसत होतं, त्यामुळे हातातलं रोप नीट लागायचं. पण ओळ कुठं वळली ते लांबून दिसायचं नाही. तो बांध सोडून भलतीकडेच लावत गेला. नसीर बांधावर येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "डोळ्याला काय झालंय तुझ्या?"

"काय न्हाई. पावसाचं पाणी जातंय."

"आमच्या डोळ्यांत काय दूध जातंय व्हय?" नसीर खाली उतरला, भावानं लावलेली वाकडी ओळ उपटली आणि पुन्हा लावू लागला. लावता लावता, वर न बघता म्हणाला, "रेल्वेनं टाकलं तर हितं काय करशील? मला दोन बैल हायेत औताला. तिसरा कुटं जुंपू?"

बाकीच्या बायका खाली मान घालून रोपं लावत राहिल्या. अजीजाही. तिच्या हातातल्या रोपाची मुळं तुटली, तिनं ते चिखलात खोल दाबून टाकलं.

परत आल्यावर राजमहंमद ढगांकडे बघू लागला. श्रावणात ऊन-पाऊस खेळतो म्हणतात, तो देशावर. खंडाळ्याला श्रावणही आषाढासारखाच गेला. भादव्यात स्टेशनमास्तरांनी तपासणीचा दिवस सांगितला. दसरा झाला की लगेच, लोणावळ्याला. हौशीरामनं आपल्या परीनं मदत केली. तक्त्यावर ठिपके असतात, अंगठेबहाद्दरांसाठी. पहिल्या ओळीत किती, दुसऱ्या ओळीत किती, हे तो जुन्या तपासणीवरून आठवून सांगू लागला. त्याबद्दल सरपण फोडून घेतलं.

मग एका सकाळी धुकं उठलं ते पुन्हा बसलंच नाही. आभाळ धुतल्यासारखं निळं. घाटातल्या सगळ्या धबधब्यांवर ऊन पडलं आणि चाळीतल्या बायकांनी गोधड्या, चटया, तांदूळ, सगळं बाहेर काढलं. चार महिन्यांची ओल एका दिवसात सुकवायची, अशी घाई.

अजीजा गोधडी झटकत होती. तिच्या मनात आलं ते त्या घाईतूनच आलं. दुपारी तिनं नवऱ्याला सांगितलं.

"सुटलेलं रोजे मी मागनं धरते का न्हाई?"

"धरतीस. मग?"

"तसंच ऊन सुटलंय. ते बी फेडून घ्यायचं."

त्यानं बोटं मोजली. "रोज्याला रोजा आसतो. उनाचं कसं? सकाळचं कवळं ऊन ते केवढं, आन दिवस उरल्यात किती."

"मग कवळं कशापायी? माथ्यावरचं घ्या. त्यात चार सकाळींचं ऊन आसंल."

राजमहंमदचा चेहरा उजळला. हे त्याला पटलं. तो धर्माचाच हिशेब होता, आणि त्याला तो लहानपणापासून ठाऊक होता. तो म्हणाला, "आन मिटल्या डोळ्यांत झिरपून झिरपून जानार तरी किती? उघडंच धरतो."

बंद. बाईसाहेबांचा तो शब्द अजीजाच्या जिभेवर आला. डोळा बंद. तिला तो स्पष्ट आठवत होता, त्यांनी दोनदा म्हटलेला. पण तिला वाटलं, ते बाईसाहेबांचं. त्यांना अख्खं वर्ष आहे, व्हरांडा आहे, खुर्ची आहे. ज्याच्याकडे वर्ष आहे त्यानं डोळे मिटून थेंबथेंब घ्यावं. ती एवढंच म्हणाली, "जरा दमानं."

टाकीमागे भर दुपारी तो उभा राहायचा, मान मागे टाकून, सूर्याकडे टक लावून. डोळ्यांतून धारा लागायच्या. पापणी मिटली की तो स्वतःला शिवी द्यायचा आणि दोन बोटांनी ती उघडी धरायचा. अजीजा शेजारी गार पाण्याचा तांब्या आणि ओलं फडकं घेऊन बसायची. पहिल्या दिवशी घरी येताना तो तिचा हात धरून आला. म्हणाला, सगळीकडे हिरवी-जांभळी चकती नाचतीय. ती म्हणाली, सुरमा पण झोंबतोच की. झोंबल्याशिवाय औषध लागू पडलं हे कसं कळायचं? दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. कामावर हौशीरामला दोनदा खोकावं लागलं. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्यानं कजा फेडली.

दसऱ्याला चाळीतल्या हिंदू घरांनी दारात आपट्याची पानं दिली. अजीजानं भाकरी केली. राजमहंमद ताटावर बसला आणि बसूनच राहिला.

"जेवा की."

"भाकरीला मधी भोक हाय," तो म्हणाला.

तिनं भाकरीकडे पाहिलं. टम्म फुगलेली, कुठं डाग नाही, करपट नाही. तिनं ती उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं ती बोटांनी चाचपली, मधोमध दाबली, सगळीकडून फिरवली. मग खाली ठेवली.

"दिपल्यात डोळं. उतरंल," ती म्हणाली.

"व्हय. उतरंल."

उतरलं नाही. तो जिकडे बघायचा तिथं मधोमध धुरकट डाग बसायचा आणि कडेकडेनं जग दिसायचं. सांध्याचा दांडा बघायला गेलं की दांडा नाहीसा, बाजूची खडी मात्र लख्ख. माणसाचं तोंड नाही, कान दिसायचे.

तपासणीला अजीजा बरोबर गेली; हौशीरामचीही पाळी त्याच दिवशी होती. रेल्वेच्या दवाखान्याच्या ओसरीबाहेर करंजाखाली शिदोरी घेऊन बसली. खिडकी उघडी होती. आत हौशीरामचं काम पटकन झालं. मग राजमहंमदला उभं केलं. पहिल्या ओळीतले ठिपके त्यानं घोकल्याप्रमाणे सांगितले. डॉक्टरांनी तक्ता उलटा टांगला आणि पुन्हा विचारलं. आतून तेच आकडे पुन्हा ऐकू आले. मग रंगीत लोकरीचे धागे पुढे टाकले, हिरवा उचल म्हणाले. राजमहंमद मान तिरकी करून धाग्यांकडे बघू लागला, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. कुणीतरी शिपाई हसला.

डॉक्टरांनी आरसा लावून डोळ्यांत बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, याच्याबरोबर कोण आहे?

अजीजा पदर सारखा करत दारात उभी राहिली.

"यानं सूर्याकडे बघितलंय," डॉक्टर म्हणाले. "यंदा ग्रहण तर नव्हतं. कशासाठी बघितलं?"

"इलाज केला, साहेब."

"कशावर?"

"नजरंवर. लांबचं कमी झालं व्हतं."

डॉक्टर रागीट नव्हते. त्यांनी टाक खाली ठेवला. "लांबचं कमी होतं, एवढंच? अहो बाई, तसाच आला असता तर मी त्याला चष्मा दिला असता आणि गोदामात लावला असता. सांध्याला चष्मा चालत नाही, गोदामाला चालतो. खोलीसुद्धा राहिली असती."

"मग आता द्या चष्मा."

"आता चष्म्याचा उपयोग नाही. आतला पडदा जळलाय. जळलेलं परत येत नाही."

राजमहंमद उभा होता. त्यानं डोक्यावरची रेल्वेची टोपी काढली, तिच्यातली धूळ झटकली आणि पुन्हा घालावी की घालू नये ते न समजून हातात धरून ठेवली. शिपायानं ती हातातून घेतली, सरकारी होती म्हणून.

परतीच्या वाटेवर तिघंही रुळाकडेनं चालत होती. अजीजाच्या हाताला राजमहंमद. बोगदा जवळ आला तेव्हा तिनं हौशीरामला विचारलं, "भाऊ, त्या गोदामाचं तुमाला ठावं व्हतं?"

"ते सगळ्यांनाच ठावं आसतं की," हौशीराम म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं, राजूला कमीपना वाटत आसंल. गोनी उचलायचं काम ते."

अजीजानं वळून पाहिलं. हौशीराम खरंच दुःखी दिसत होता. शिदोरी तशीच होती. ती त्यानंच खाल्ली.

दिवाळीला बंगले उघडले. खोली सोडायला अजून काही दिवस मिळाले होते. अजीजा शेवटची अंडी घेऊन बाईसाहेबांकडे गेली. दारात नवी मोटार होती. बाईसाहेब पायऱ्या उतरून आल्या आणि अजीजाला आधी त्यांच्या नाकावरचा चष्मा दिसला. सोन्याची बारीक काडी.

"अरे, हा?" बाईसाहेब हसल्या. "मुंबईचा डॉक्टर लई रागावला. आणि मोटार हाकायला पाहिजे ना. तुझा नवरा कुठे? पास झाला?"

अजीजानं थोडक्यात सांगितलं.  बाईसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पण मी बंद बोलली होती. अजीजा, मी बंद बोलली होती ना?"

"व्हय, बाईसाहेब. तुमी बंदच बोलला व्हता."

बाईसाहेबांनी मोठा श्वास सोडला. तो सुटलेला श्वास अजीजाला ऐकू आला. मग त्या लगबगीनं आत गेल्या, येताना काळ्या काचेचा एक चष्मा घेऊन आल्या. उन्हात जाताना घालायला सांग, म्हणाल्या. सगळी अंडी ठेवून घेतली. बागेत काम देते म्हणाल्या, मग स्वतःच म्हणाल्या, पण माळ्याला पण नजर पाहिजे. अजीजा म्हणाली, पाहिजेच की.

दोघं पाटणला गेली तेव्हा भात कापणीला आलं होतं. कोंबड्या, भांडी, एक पेटी, दोन वळकट्या आणि ती दोघं, एवढं बैलगाडीत मावलं. नसीर दारात उभा होता. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. गाडीतली पेटी उतरवून गोठ्याच्या बाजूच्या पडवीत ठेवली. काळा चष्मा त्याला आवडला. तो घालून तो पुढच्या बाजाराला तळेगावला गेला.

राजमहंमदला कापणी जमेना, विळा बोटावर येऊ लागला. मग त्याला भारे वाहायला लावलं. खाचरापासून खळ्यापर्यंत, डोक्यावर भारा, पायाखालची वाट कडेनं दिसायची तेवढी. ते काम तो निमूट करायचा. त्रास घरात व्हायचा. समोरचं बघायचं तर त्याला तोंड बाजूला करावं लागे, मग कडेच्या नजरेत ती गोष्ट यायची. नसीर बोलायला लागला की तो दाराकडे तोंड करायचा. नसीर म्हणायचा, अजून गुर्मी गेली न्हाई, मी बोलतो आन हा भाईर बघतो. जेवताना ताट दिसावं म्हणून तो नजर वळवायचा ती नेमकी कमरजहाँवर, नसीरच्या बायकोवर. पहिले काही दिवस ती पदर ओढून आत जायची. मग एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "भावजी, ताट तुमच्या म्होरं हाय. माझ्याकडं काय बघताय सारखं?" त्या दिवसापासून त्याचं ताट पडवीत येऊ लागलं.

आणि अजीजाला बघायचं असलं की तो तिच्याकडून तोंड फिरवायचा. गावातल्या बायकांना ते लगेच दिसलं. विहिरीवर धोंडाबाईनं विचारलं, "मालक अजून रुसल्याला हाय का गं? तुज्याकडं बघतच न्हाई."

"रुसलाय," अजीजा म्हणाली, आणि घागर बुडवली. काय सांगायचं होतं? मान फिरवून बसलेला असतो तेव्हाच तो तिला बघत असतो, हे तिला माहीत होतं. तिची वेणी, तिचे चिरलेले हात, तिच्या पाठीवरचं ठिगळ, सगळं तो तिरक्या मानेनं बघत राहायचा. त्या नजरेखाली तिला काम सुचत नसे.

मळणी झाली. एका सकाळी अजीजा खळ्यावर वाऱ्याला पाठ देऊन भात वारवत होती. सूप वर, भुसा उडतोय, दाणा पायाशी. राजमहंमद बांधावर बसला होता, नेहमीसारखा तिच्याकडून तोंड वळवून. बराच वेळ तसा बसला. मग त्यानं हळूहळू मान फिरवली आणि सरळ तिच्याकडे तोंड केलं, अगदी नाकासमोर, मधला डाग नेमका तिच्या तोंडावर येईल असे डोळे रोखून. आणि तसाच बसून राहिला.

शेणाची पाटी घेऊन कमरजहाँ चालली होती. तिनं ते पाहिलं आणि थांबून हसत म्हणाली, "भाभी, गेला वाटतं भावजींचा राग. बघा की, कसं बघत्यात तुमच्याकडं."

अजीजानं वर पाहिलं नाही. तिनं सूप भरलं आणि वाऱ्यात धरलं.